दवाई पाजलेलं लाकूड

मले कोणी शिकवलेलं खपत नाई, हे आधीच सांगून टाकतो. त्यात लाकडाबद्दल तं बिलकुलच नाई. चाळीस वरसं झाले हातात करवत धरून. आमी वाढई, गावातले अर्धे दरवाजे माह्या बापानं बसवले, उरलेले मी बसवले. अन् एक दिवशी माह्या लेकीच्या वयाची पोरगी, डोक्यावर पिवळी टोपी, मले सांगते, "काका, लाकूड कापताना तोंडाला मास्क बांधा." म्हटलं, बापा रे, आता एवढंच राह्यलं होतं.

ती उर्वशी मॅडम, साइटची इंजिनिअर. लाखनीच्या अलीकडं हायवेले लागून भैयाजीचं हॉटेल हाये, अन् हॉटेलच्या मागं आमच्या गावचा तलाव. तलावाच्या पारीखाली, म्हणजे बांधाच्या खाली, भैयाजीले पाच लाकडी खोल्या उभ्या कराच्या होत्या. शहरातले लोक येतीन, तलाव पाहतीन, झोपतीन, पैसे देऊन जातीन. त्यासाठी कारखान्यातून एक ट्रक भरून माल आला. नीलगिरीच्या बल्ल्या अन् फळ्या, पण रंग हिरवट, शेवाळ चढल्यावानी. मी नखानं खरवडून पाह्यलं तं हिरवा रंग आतपर्यंत.

मॅडम बोलली, "याला बंद टाकीत घालून दाबानं औषध भरलेलं असतं. वाळवी लागत नाही, ओल्या जमिनीत सडत नाही."

"म्हणजे दवाई पाजलेलं लाकूड," मी म्हटलं. सगळे हसले, अन् मंग साइटवर त्याचं तेच नाव पडलं.

त्या लाकडाचे नखरे बी तसेच. हातमोजे घाला. कापाच्या जागी खाली प्लास्टिक टाका, भुसा मातीत पडू देऊ नका. जिथं कापाल त्या तोंडाले डब्यातली दवाई ब्रशनं दोनदा लावा, नाईतर वाळवी तिथून आत शिरते. साधा खिळा ठोकू नका, जस्त चढवलेला बोल्टच लावा. मी कुरकुर करत करत सगळं केलं. बोल्टची गोष्ट तं मले पटली बी. एक साधा खिळा आधीच्या साइटवरचा तिनं दाखवला, पार खाऊन टाकला होता लाकडानं. काम नवं होतं पण चुकीचं नव्हतं, एवढं मले समजते.

मंग तिनं शेवटची गोष्ट सांगतली अन् माही सटकली.

"काका, कटिंगचे तुकडे जाळायचे नाहीत. कोणाला द्यायचेही नाहीत. पोत्यात भरून ठेवायचे, कारखान्याचा ट्रक परत नेईल. याच्यातलं औषध विषारी आहे."

आता आमच्याकडची रीत ऐका. कोणाच्याही घरी काम असो, हातभराच्या आतला तुकडा वाढयाचा. हे कुठं लिहून नाई, पण कोण्या मालकानं कधी तोंड उघडलं नाई. बाप माहा ते तुकडे खांद्यावर घेऊन भर बाजारातून जाये. अन् आज हे पोरगी मले सांगते का ते परत जातीन! कारखानेवाला तेवढ्या ढलप्यासाठी ट्रक पाठवन काय? मी काय येडा हाव?

"जहर असतं मॅडम," मी म्हटलं, "तं त्याच्यात लोकाईले झोपवाले कायले निंगाले तुमी?"

"नुसतं उभं असलं तर ते आतच राहतं. जाळलं की धुरात येतं, आणि सगळ्यात जास्त राखेत उरतं."

तिनं शांतपणे सांगतलं, तिची काई चूक नाई. पण त्याच हप्त्यात भैयाजी हॉटेलच्या मागं नवा तंदूर बांधून राह्यला होता. माह्या डोक्यात लगेच उजेड पडला. तंदूरले लाकूड लागते. मालकाले तुकडे फुकट पाह्यजे, सरळ मांगाची लाज वाटते, म्हणून या पोरीच्या तोंडून जहराची कहाणी! वा रे भैयाजी. मी मान हालवली. अन् त्या दिवसापासून पाच वाजता सुट्टी झाली का रंध्याखाली, पिशवीच्या तळाले, दहा-बारा तुकडे घालून बाहेर पडाचो. चोरीच होती ती, पण मले तवा हक्क वाटत होता, अन् मले मोठी मजा बी येऊन राह्यली होती.

ते तुकडे माह्या घरी नाई गेले. ते गेले सखाबाईकडं.

सखाबाईचं घर पारीवरच हाये. घरातले सगळे तलावातली मासोळी धरणारे. तिच्या नवऱ्याचे गुडघे गेले तवापासून जाळं तिचा लेक टाकते अन् बाजार ती करते. मंगळवारच्या बाजारात पिठाच्या चक्कीसमोर तिची जागा. तीस वरसं झाले, त्या जागेवर दुसरं कोणी बसलं नाई. कारण मांगूर घ्यावा तं सखाबाईचाच. टबात जित्ता ठेवणार, तुमच्यासमोर काढणार, तुमच्यासमोर कापून देणार. अन् मांगूर म्हणजे काय, ज्यानं हातात धरला त्याले विचारा. साबणावरून हात फिरवल्यावानी सटकते, वरून काटा मारते. त्याले धराले राख पाह्यजे. बाजूले राखेचं घमेलं, त्यात मांगूर लोळवला का पकड येते, चिकटा निंगते, मंग पावशीवर, मोठ्या विळीवर, बसून तो कापाचा. राख नाई तं मांगूरवालीचा धंदा नाई.

घरी तिच्याकडं गॅस हाये. पण राखेसाठी ती चूल पेटवतेच, अन् चुलीसाठी आमच्या घरचे तुकडे जातात. माहा बाप तिच्या सासूले देये, मी तिले देतो. बदल्यात मंगळवारी एक मांगूर. मोजामोजी कधी झाली नाई.

"मिस्त्री," ती एका संध्याकाळी म्हणाली, "तुह्या या लाकडाचा जाळ हिरवा निंगते गा! पोरं पाहाले येऊन राह्यले."

"दवाई पेलेलं हाये ते," मी म्हटलं, "नखरे करनच."

"डोळे मात्र चुरचुरतात हो. पण राख कशी, बारीक पिठावानी. पकड मस्त येते."

मी खुश. दोघं बी हसलो. देवा, अजूनही ते हसणं आठवलं का मले सोताच्या थोबाडीत मारावं वाटते.

तीन मंगळवार असे गेले. चौथ्या मंगळवारच्या आधी, रविवारी, मी तिच्याकडं गेलो तं अंगणात तिची बकरी आडवी पडली होती. दुधाची बकरी, दोन महिन्याची गाभण. तोंडाले फेस, पोट फुगलेलं. सखाबाई तिच्या बाजूले बसून मोठ्यामोठ्यानं शिव्या देऊन राह्यली होती. कोणाले? ते तिले बी मालूम नव्हतं. जनावराच्या डॉक्टरनं सांगतलं होतं का पोटात जहर गेलं. कोणाच्या धानाच्या बांधीत फवारा मारला असन अन् हे तिथं चरली असन, असा तिचा अंदाज.

"कुठं चरली ही?" मी विचारलं.

"कुठं चरते? चार दिवसापासून बांधून होती. नुसती त्या राखेच्या ढिगाले चाटत राहे. खारट लागत असन तिले."

मी बकरीच्या तोंडाकडं पाह्यलं. फेसाच्या खाली, मिशीच्या केसाले, राख चिकटून होती.

हातातली पिशवी मी खाली ठेवलीच नाई, तशीच घेऊन घरी आलो. कुंताबाईनं, माह्या बायकोनं, जेवाले वाढलं. मी ताट बाजूले सारलं. तीन मंगळवार तिनंच तो मांगूर रांधला होता, अन् मी बोटं चाटून खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी साइटवर मी मॅडमच्या मागंमागं फिरलो. ती बोल्ट तपासून राह्यली होती.

"मॅडम, समजा," मी म्हटलं, "समजा एखाद्यानं हे लाकूड जाळलं."

तिनं पाना खाली ठेवला. "कोणी?"

"समजा म्हटलं ना. अन् त्याची राख समजा एखाद्या बकरीनं चाटली."

"बकरी मेली का?"

मी खाली पाह्यलं. ती सगळं समजली. ओरडली नाई, हेच मले जास्त लागलं. तिनं सांगतलं, या औषधात आर्सेनिक असते, जुन्या भाषेत सोमल. सोमल! हे नाव मले मालूम होतं. आमची आजी म्हणे, एका घरात सोमल घालून माणूस मारला. मी ते तीन मंगळवार गावाले वाटलं होतं.

"राखेत मासोळी लोळवून कापली, मंग धुतली," मी म्हटलं, "तं?"

"धुतल्यावर किती राहिलं, मला सांगता येणार नाही. फार नसेल कदाचित. पण ज्याला उलट्या, पोटदुखी, अंगावर चट्टे असं काही झालं असेल, त्याच्या डॉक्टरला हे कळलं पाहिजे. नाही तर तो भलत्याच गोष्टीचं औषध देत बसेल." मंग ती म्हणाली, "राख हातमोजे घालून पोत्यात भरा, इथं आणा. मी भैयाजींना काही सांगणार नाही. पण ज्यांनी खाल्लं त्यांना तुम्ही सांगा, काका."

पह्यलं मी कबूल केलं. दुसरं माह्याच्यानं होईना. भैयाजीले समजलं का मी तुकडे उचलले, तं काम गेलं, अन् पुढं या पट्ट्यात कोणी मले साइटवर उभं करणार नाई. चाळीस वरसाचं नाव हाये माहं. वरून सखाबाईची जागा. बाजारात एकदा 'जहर' हा शब्द निंगाला का तिच्या टबाजवळ कुत्रं बी येणार नाई. मी सोताले सांगतलं, हे सगळं मी सखाबाईसाठीच चुपचाप करून राह्यलो. किती सोपं असते सोताले फसवणं.

उद्या बाजार. मी शेजाऱ्याकडून बाभळीची राख जमा केली, एका पोत्यात भरली, अन् दुपारी सखाबाई तलावावर गेलेली पाहून तिच्या पडवीत घुसलो. हातात साइटचे मोजे, तोंडाले मास्क. तीच मास्क, जी मी कधी बांधली नव्हती. तिचं घमेलं उपडं केलं, ढीग खरवडला, सगळी राख दुसऱ्या पोत्यात कोंबली. चूल झाडली. बाभळीची राख घमेल्यात ओतून राह्यलो तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय गा मिस्त्री, आता राख बी चोराले लागला काय?"

ती दारात उभी. डोक्यावर टोपली, तोंडावर हसू. माह्या तोंडावरची मास्क पाहून ते हसू हळूहळू गेलं.

मी सगळं सांगून टाकलं. उभ्या उभ्या, मास्क बांधूनच. ती टोपली उतरवून ओट्यावर बसली.

"माही बकरी यानंच मेली?"

"हाव."

"अन् तुले मालूम होतं?"

"सांगतलं होतं मले. मी ऐकलं नाई."

"काहून?"

"मले वाटलं भैयाजीले तंदूरसाठी पाह्यजे तुकडे."

"तंदूरसाठी," ती म्हणाली. मंग पुन्हा एकदा म्हणाली, "तंदूरसाठी!" अन् उठून तिनं माह्या छातीवर दोन्ही हातानं असा धक्का मारला का मी पोत्यावर जाऊन बसलो. पन्नाशी पार केलेली बाई, पण जाळं ओढलेले हात. मी उठलो नाई.

ती बोटावर मोजाले लागली. उषाबाईची सासू, ती तं म्हातारी हाये. शाळेचे गुरुजी. चक्कीवाला. रुचिता, बाळंतीण, रक्त भरून येते म्हणून तिच्या मायनं दोनदा मांगूर नेला होता. तिथं ती थांबली.

"बाई," मी हात जोडले, "राख म्या भरली. हे बाभळीची हाये, चांगली हाये. उद्या बस बाजारात. कोणाले काई झालं नाई अजून. झालं असतं तं बोंब झाली असती. आपण दोघंच जाणतो."

"अन् ज्याच्या पोटात दुखून राह्यलं असन तो?"

मी हातातले मोजे काढाले लागलो.

"त्याले मालूम नको? तू वाढई, तू दरवाजा बसवून निंगून जातं. माह्या हातचं लोकं खातात गा मिस्त्री."

"तुही जागा जाईन."

"जाईन तं जाईन," ती म्हणाली, पण आवाज फुटला तिचा. तीस वरसाची जागा होती. ती पदर तोंडाशी धरून रडली अन् मी पोत्यावर बसून पाहात राह्यलो. माही कीव कोणाले येऊ नये.

मंगळवारी ती नेहमीच्या वेळेले चक्कीसमोर बसली. टबात मांगूर, बाजूले पावशी. घमेलं आणलंच नाई. मी समोरच्या चहाच्या टपरीवर उभा. ती मले पाहून बी न पाह्यल्यावानी करून राह्यली होती.

पह्यली उषाबाई आली. धानाची शेती, मोठं घर, दर मंगळवारचं गिऱ्हाईक. "मोठा काढ वो सखाबाई. अन् आज राख कुठं गेली तुही?"

सखाबाई उभी राह्यली. तिले भाषण येत नाई. तिनं मिर्चीचा भाव सांगावा तसं सांगतलं. मांगचे तीन बाजार तिची राख खराब लाकडाची होती. त्यात जहर होतं. तिची बकरी त्यानंच मेली. मासोळी धुऊन देल्ली होती, पण ज्यानं नेली त्यानं घरी विचारा, कोणाले उलटी झाली काय, चट्टे उठले काय. असन तं दवाखान्यात जा अन् डॉक्टरले सोमलाचं नाव सांगा.

पह्यले कोणाले समजलंच नाई. मंग समजलं. चक्कीवाला चक्की बंद करून बाहेर आला. रुचिताची माय रडाले लागली, उठली अन् घराकडं पळतच सुटली. एक जण म्हणाला, पोलिसात द्या हिले. उषाबाईचं तोंड लालबुंद झालं होतं.

"कुठून आणलं व ते लाकूड?" ती ओरडली. "कोणं देल्लं तुले?"

"तलावात वाहून आलं होतं," सखाबाई म्हणाली. "म्याच उचललं. कोणाचा काई दोष नाई."

तिनं माह्याकडं पाह्यलं बी नाई. पाह्यलं असतं तं लोकं समजले असते. माह्या हातात चहाचा गिलास होता. मी मनातल्या मनात म्हटलं, तुलाराम, वाचला. खरं सांगतो, पह्यले मले बरंच वाटलं. मंग उषाबाईनं तिचा टब पायानं लोटला, पाणी सांडलं, अन् सखाबाई वाकून टब सरळ कराले लागली. तीस वरसात तिच्या टबाले कोणी पाय लावला नव्हता.

"म्या देल्लं," मी ओरडलो. गिलास टपरीवर आपटला. "भैयाजीच्या साइटवरून म्या चोरून आणलं. मले सांगतलं होतं जहर हाये म्हणून. हिले काई मालूम नव्हतं. पोलिसात द्याचं तं मले द्या!"

मंग जे झालं ते झालं. दोन-चार हात पडले अंगावर, त्याचं काई नाई. भैयाजीचा माणूस बाजारातच होता. दुपारी माही हत्यारं साइटच्या गेटबाहेर ठेवलेली मिळाली. मॅडमनं गाडी काढून रुचिताले अन् तिच्या लेकराले भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासाले पाठवलं, रिपोर्ट याले दिवस लागतीन म्हणाले. उषाबाईच्या सासूले चौदा दिवसापासून उलट्या होत होत्या, अन् घरचे तिले पित्ताच्या गोळ्या देऊन राह्यले होते. तिची दवाई त्याच संध्याकाळी बदलली.

त्या दिवशी सखाबाईजवळून एकही मांगूर कोणी घेतला नाई. सगळा बाजार उठेपर्यंत ती बसली, पाठ सरळ ठेवून, रिकाम्या पावशीसमोर. मी दहा हात दूर, चक्कीच्या पायरीवर. शेवटी तिनं पावशी फडक्यात गुंडाळली, टब उचलला अन् पारीकडं निंगाली. मासोळी तलावात सोडाले.

मी मांगं मांगं गेलो.

"तुले बोलाले कोणं सांगतलं होतं?" ती न वळता म्हणाली. "मी एकटी बुडत होती तं बुडू द्याचं होतं. आता तुह्या घरची चूल बी बंद केली. अक्कल हाये काय तुले?"

"नाई," मी म्हटलं. "असती तं तंदूर आठवला असता काय?"

ती हसली नाई. मी टबाचा एक कान धराले हात पुढं केला.

"हात नको लावू."

मी हात मांगं घेतला. पाण्याचा टब, वरून जित्ते मांगूर, वजन कमी नव्हतं. पारीचा चढ अर्धा झाला तवा तिनं टब खाली ठेवला. श्वास घेतला. तलावाकडं पाहात उभी राह्यली, माह्याकडं नाई.

मंग म्हणाली, "उचल."